लाकडी गरुडाचं काळीज

त्या राज्यातल्या प्राण्यांना जमीन पुरेनाशी झाली होती, म्हणून त्यांना आभाळ हवं होतं. पंख मात्र कुणालाच नव्हते.

दोघा ससेभावांनी लाकूड आणि कापडाचा एक गरुड बांधला. टेकडीवरून सोडला की तो तरंगत खाली यायचा. वर चढायचं तर त्याच्या पोटात यंत्र हवं होतं. 'इतकं हलकं आणि इतकं जोरकस यंत्र होत नसतं,' म्हणून लोहारांनी हात झटकले. मग सशांनी आपल्याच दुकानात गाड्यांची चाकं दुरुस्त करणाऱ्या धोंडू खवल्या मांजराला विचारलं.

"करून बघतो," धोंडू म्हणाला.

त्याने ओतलेलं यंत्र पहिल्याच चाचणीत तडकलं. त्याने ते पुन्हा ओतलं. या वेळी ते धडधडलं, आणि वाऱ्याच्या एका सकाळी धाकट्या सशाला घेऊन गरुड जमिनीवरून उठला. धोंडू मागे धावता धावता वाळूत तोंडघशी पडला, आणि पडल्या पडल्या हसत राहिला.

गरुड उतरल्यावर तो म्हणाला, "मालक, एकदा मलाही वर जाऊ द्या."

थोरल्या सशाने मायेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "धोंडू, तुला काही झालं तर यंत्राकडे कोण बघणार? आमच्यासारखे काय, छप्पन मिळतील."

धोंडूला भरून आलं. पुढेही तो विचारत राहिला आणि दर वेळी त्याचा असाच मान राखला गेला.

सशांची कीर्ती झाली. राजाने गरुड दरबारात टांगला. यंत्रातून गळणाऱ्या तेलाने गालिचा खराब होऊ लागला, तेव्हा कारभारी मुंगसाने यंत्र काढून परसात टाकलं आणि रिकाम्या जागी झेंडूची फुलं भरली.

ससे वारले. उड्डाणाच्या उत्सवात गरुडावर बसवायला त्या काळातलं कुणीतरी हवं होतं. मुंगसाला म्हातारा धोंडू सापडला.

"तुम्ही तिथेच काहीतरी करत होता ना? बसा मग."

धोंडू चढला. बैलांनी दोर ओढले आणि गरुड छताला जाऊन भिडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांच्या माना वर होत्या. धोंडू तेवढा वाकून दोराला जुंपलेल्या बैलांकडे बघत होता. त्यांच्या तोंडाला फेस आला होता.