पश्चिमेचा कोट

शके १७३०, कार्तिक वद्य पंचमी. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती आणि सीना नदीचं पाणी खाली उतरलं होतं. त्या दिवसाची ही हकीकत. बसा. चढून आलात, दम लागला असेल.

हा मातीचा कोट पाहा. तीन बाजूंनी वीतभर उरला आहे. पश्चिमेला अजून पुरुषभर उभा आहे. त्याला कारण आहे.

या टेकडीवर फौजेची छावणी पडली होती म्हणे. लांबच्या मोहिमेवरून परतणारी, थकलेली माणसं. पेंढाऱ्यांची भीती होती, म्हणून कोट घालायचा हुकूम झाला. पश्चिमेची बाजू आमच्या गावाला वेठीने दिली. दर हातभर मातीवर पाणी शिंपून धुम्मसाने, म्हणजे जड लाकडी ठोकळ्याने, चोपायचं, तेव्हा कोट धरतो. पाणी खाली नदीवरून आणायचं. दहा दिवसांत माणसं मोडली. गावाचा मुकादम रावजी ढवण म्हणाला, “वरची माती कोरडीच टाका. कोण बघतंय?”

छावणीतला म्हातारा हवालदार सुभानजी तपासायला आला.

“रावजी, भिजवलीत ना माती?”

“भिजवली, हवालदार.”

“हात तर कोरडे दिसतात तुझे.”

“उन्हानं वाळले.”

सुभानजी हसला. “माझी तर हाडं वाळली. शपथ घे, म्हणजे मी जाऊन आडवा होतो.”

रावजीने शपथ घेतली.

पंचमीला पेंढारी आले. गाव बायकापोरांसह कोटात शिरलं. घोडी पश्चिमेचा चढ चढून कोटाला भिडली तशी वरची कोरडी माती घसरली आणि खिंडार पडलं. सुभानजी त्या खिंडारात उभा राहिला. दुपार कलेपर्यंत त्याने कुणाला आत येऊ दिलं नाही, असं सांगतात. पेंढारी परतले तेव्हा तो खाली बसला. अंगावर जखमा होत्या. त्याने पाणी मागितलं. पाण्याच्या पखाली सकाळीच संपल्या होत्या. रावजी घागर घेऊन नदीकडे धावला. भरून वर आला तोवर सुभानजी गेला होता.

रावजीने ती घागर खिंडारातल्या मातीवर ओतली. “शपथ खोटी होती,” असं सगळ्यांसमोर सांगितलं. त्याला शिक्षा करण्याचंही त्राण फौजेत नव्हतं. चार दिवसांनी ती निघून गेली.

रावजी मात्र कोट घालत राहिला. हातभर माती, पाणी, धुम्मस.

“फौज गेली की रे! आता कुणासाठी?” लोक विचारत.

तो पुढची घागर आणायला नदीकडे उतरे. मग एकेक घर घागर घेऊन चढू लागलं.

आजही कार्तिक वद्य पंचमीला प्रत्येक घर एक घागर इथे ओततं. ढवणांची शेवटची. ती मुरेपर्यंत गावात कुणी पाणी पीत नाही. मुरली की त्या वर्षाचं ऋण फिटलं.