हाकेची टेकडी

चावडीच्या भिंतीत बसवलेला दगड तुम्ही येताना पाहिलात. हिरडेवाडीतून पहिल्या महायुद्धाला किती पुरुष गेले आणि किती परतले नाहीत, एवढेच त्यावर कोरले आहे. नाव एकाचेही नाही. तुम्ही नावे शोधत आलात, म्हणून तुम्हाला आधी या टेकडीवर आणले.

असे सांगतात की, युद्ध संपत आले तेव्हा तापाची मोठी साथ आली. घरेच्या घरे ओस पडली, पाटीलही गेले. त्यातच दगडासाठी नावे विचारायला कारकून आला. चावडीपुढे बहुतेक बायकाच होत्या. त्या काळी बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. घेतले तर त्याचे आयुष्य घटते, असा समज होता.

"नवऱ्याचं नाव?" कारकुनाने सगुणाला विचारले.

"ते तिकडं समुद्रापल्याड, बसऱ्याला लढाईला गेल्यात."

"ते कळलं. नाव सांग."

"उखाण्यात घे की गं," कुणीतरी म्हणाले.

"उखाणा हळदीकुंकवाला घेत्यात, चावडीवर न्हाय," चिमाक्का म्हणाली. "आन् कारकूनसाहेब, तुमची मंडळी घेत्यात का तुमचं नाव?"

बायका हसल्या म्हणे. सगुणा हसली नाही. तिचा नवरा घाटाखालून आलेला घरजावई. सारा गाव त्याला 'जावई' म्हणे. नाव ठाऊक असलेले तिचे आईबाप साथीत गेले होते. आता ते फक्त तिच्यापाशी होते. पण आपण इथे नाव उच्चारले आणि तिकडे त्याला गोळी लागली तर? ती ओठ मिटून बसली. बाकीच्याही बसल्या; त्याच भीतीने एकीच्या नवऱ्याचे नाव दुसरीनेही घेतले नाही. कारकून नुसता आकडा घेऊन गेला.

पुढे वाचलेले शिपाई परतले. त्यांत जावई नव्हता.

"जावई तिकडंच राहिले, वैनी," एकजण म्हणाला. "पलटणीतबी आमी त्यांना जावईच म्हणायचो."

सगुणाच्या अंगात तेव्हा ताप होता. तशीच ती चावडीवर गेली. दगड नुकताच बसवला होता. तिने त्यावरून हात फिरवला आणि ती टेकडी चढू लागली. बायका घाबरून मागे धावल्या. पुरुष ज्या वाटेने घाट उतरून गेले, तिकडे तोंड करून तिने नवऱ्याला नावाने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. पण घाटाचा वारा भणाणत होता आणि तापाने घसा बसला होता. बायकांना फक्त ती ओरडल्याचे कळले. ती तिथेच कोसळली. खाली आणली तेव्हा तिची वाचा गेली होती. पुन्हा बोलली नाही. तिच्याबरोबर ते नावही गेले.

सगुणाची माती झाल्यावर चिमाक्का एकटीच टेकडीवर आली, असे म्हणतात. "रखमाजी!" तिने हाक मारली. तिचा नवराही परतला नव्हता. मग एकेक करून बाकीच्या आल्या.

आजही मार्गशीर्षातल्या अवसेला आम्ही बायका इथे येतो आणि ती नावे मोठ्याने घेतो. नवी सून आली की तिला आधी इथे आणून नवऱ्याचे नाव घ्यायला लावतो. शेवटी सगुणाची पाळी येते. तेव्हा सगळ्या गप्प उभ्या राहतो. घाटाखालच्या गावांत मी विचारत फिरले, तुमचा कुणी मुलगा वर घरजावई गेला होता का म्हणून. कुणाला आठवत नाही. तुम्ही घाट उतराल तेव्हा तुम्हीही विचारा.

आजही खालून वारा सुटला की इथे बाया बोलता बोलता थांबतात आणि कान देतात.