खेळपेटीतला राजा

ऐकणाऱ्यांनो, घरातली एखादी बंद पडलेली वस्तू उघडून बसलात आणि आतून कुणी आपल्याकडे पाहत आहे, असे तुम्हाला कधी वाटले आहे का? वाटले असेल तर जरा सरकून बसा, ही कथा तुमच्यासाठीच आहे.

एका राज्यात, राजवाड्याच्या ओसरीवर, एक खेळपेटी होती. पुरुषभर उंच, सागवानी, पाठीला सपाट आणि पुढून उतरती. वर काळी काच. काचेखाली उतरत्या फळीवर पितळी दांडा, दांड्याच्या टोकाला लाल मणी आणि शेजारी शंखाच्या दोन कळा. फटीत कवडी टाकली की काच उजळे आणि उजेडाचा चिमुकला स्वार घोडा उधळीत येई. दांडा वळवावा तसा स्वार वळे, कळ दाबावी तशी उडी घेई. त्याने वाटेतल्या चांदण्या वेचायच्या, राक्षसांना चुकवायचे आणि शेवटचा दरवाजा गाठायचा. स्वाराला जीव तीन. तिन्ही गेले की डाव संपे आणि मागचा पुढे येई. रांगेत कुंभार असे, सरदार असे, राजाही असे. त्या रांगेत राजाला वेगळा मान नसे.

ही पेटी धूमकर्ण नावाच्या मांत्रिकाने घडवली होती. सर्वांत चांगला खेळणाऱ्याचे नाव काचेच्या माथ्यावर झळके, आणि ते नाव सदा धूमकर्णाचेच असे.

तरुण राजा सुकेतू आणि त्याची धाकटी बहीण हेमलेखा जोडीने खेळत. हेमलेखा तेव्हा परकरी पोर होती. ती उजव्या हाताने दांडा धरी आणि डावा तळवा फळीवर टेकवी. अडथळा जवळ आला की त्याच हाताच्या बोटांनी फळीवर दोन टिचक्या मारी. मग सुकेतू कळ दाबी आणि स्वार उडी घेई. खेळून खेळून त्या फळीवर तिच्या तळव्याचा एक गुळगुळीत खळगा पडला होता.

एके संध्याकाळी काचेच्या माथ्यावर भावंडांची नावे झळकली. धूमकर्णाचे नाव खाली गेले. त्याने पाहिले आणि त्याचे डोळे लाल झाले.

"राजा, माझ्याच पेटीत मला खाली बसवतोस? तुला खेळ एवढा गोड वाटतो ना, मग आतच राहा! पेटी विझेल. जो ती पुन्हा उजळील त्याला एकच डाव मिळेल. तीन जिवांत दरवाजा ओलांडलास तर सुटलास. नाही तर काचेतला धूर होशील."

"हेमू, सांभाळ गं!" एवढेच सुकेतू बोलला, आणि ओसरीवर त्याचे जोडे तेवढे उरले. काच काळी झाली. धूमकर्णही त्याच क्षणी नाहीसा झाला. तो कुठे गेला ते कुणालाच कळले नाही.

प्रधान म्हणाले, "एकच डाव आहे. हरलो तर राजा कायमचा गेला. त्यापेक्षा पेटी बंद असलेली बरी." पेटी हत्तीखान्यात गवतामागे ठेवली गेली. हेमलेखा मोठी झाली, राज्य पाहू लागली. पण सिंहासनावर कधी बसली नाही. शेजारी पाट मांडून त्यावर बसे. वर्षे गेली, तिच्या केसांत रुपेरी बटा आल्या.

आणि एक दिवस माहूत सांगत आला, "बाईसाहेब, पेटीला वाळवी लागलीय."

हेमलेखा पाटावरून उठली. "लाकूड गेलं तर दादाही गेला. पेटी माझ्या पडवीत आणा."

तिने पदर खोचला आणि स्वतः कामाला लागली. पेटीला उन्हे दाखवली. वाळवीच्या वाटांत कडुलिंबाचे तेल सोडले. पितळ चिंचेने घासले, काच राखेने पुसली. पण पेटीचे पोट काही उघडेना. ती पुढच्या फळीशी झटापट करीत होती, तेव्हा खिडकीतून आवाज आला.

"टुक, टुक. पेटी पाठीकडून उघडतात. पुढून कुस्ती कशाला?"

खिडकीत एक तांबट पक्षी बसला होता. अंग हिरवे, कपाळ लाल.

"तुला रे काय ठाऊक?" हेमलेखा म्हणाली.

"ठाऊक आहे तेवढं सांगतो. कसं ठाऊक, ते विचारू नका."

तिने पाठीची फळी काढली. आत उंदरांचे घरटे होते, कुरतडलेल्या तारा होत्या आणि तळाशी कवड्यांचा ढीग होता. कधीकाळी खेळलेला प्रत्येक डाव तिथे निजला होता. तांबट आत डोकावला.

"उजेड गेलाय, धागे तुटलेत, सूर हरवलाय. तिन्ही आणा, पेटी जागी होईल."

हेमलेखा निघाली. तांबट पुढे उडे, ती मागे चाले.

पहिल्या रानात काजव्यांची राणी राहत होती. ती म्हणाली, "मूठभर उजेड देईन. पण तुझ्या वाड्यातले दिवे आमच्या पोरांना दिपवतात."

"अवसेला वाडा अंधारात ठेवीन," हेमलेखा म्हणाली. राणीने उजेड दिला. तो तिने कमळाच्या पानात बांधला.

दुसऱ्या रानात धबधब्याआड रुप्याचे धागे विणणारा कोळी होता. तो म्हणाला, "माझ्याजवळचं रुपं संपलं. पण बाई, तुझ्या डोक्यात बरंच दिसतंय."

"बोलायची काही रीत आहे की नाही?"

"आठ पायांवर उभ्याने काम करणाऱ्याला रीत कसली विचारतेस? देतेस का सांग."

हेमलेखा हसली आणि त्याच्यासमोर मान लववून बसली. कोळ्याने तिचे निम्मे पांढरे केस एकेक करून उपटले आणि धागे विणून दिले.

तिसऱ्या रानात एक गुहा होती. जगातले हरवलेले आवाज तिथे जाऊन राहत. गुहा म्हणाली, "ज्या आवाजासाठी तू झुरतेस, तो मला एकदा ऐकव."

हेमलेखेने गुहेच्या तोंडाशी ओठ नेले. मग हळूच म्हणाली, "हेमू, सांभाळ गं!"

गुहेने ते शब्द आपल्याजवळ ठेवून घेतले आणि पेटीचा सूर तिच्या ओंजळीत घातला. ओंजळीत पाखरू धडधडावे तसा तो धडधडत होता.

घरी येऊन तिने धागे जोडले, काचेमागे उजेड भरला, सूर आत सोडला. पेटी झोपेतल्या मांजरासारखी गुरगुरू लागली. कवडी टाकायची तेवढी राहिली.

इतक्यात तिची जुनी दासी चिमा कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"ताईसाहेब, हे असं ध्यान ओसरीवर नेणार? आपल्या राज्यात दुरुस्त झालेली वस्तू नव्या रंगावाचून उंबरठा ओलांडत नाही. कुदळीचा दांडा बदलला तरी आपण रंगवतो!"

ते खरेच होते. त्या राज्याची तशी रीत होती. हेमलेखेने तांबटाकडे पाहिले.

तांबट मान वाकडी करून पेटी न्याहाळीत होता. "रंगवा," तो म्हणाला. "हिंगुळाचा लाल, वर लाखेचा जाड थर. घडवली तेव्हा तशीच होती. पुन्हा तशीच दिसू दे."

मग तिने सगळी पेटी रंगवली. फळीवरचा खळगा लाखेने भरला, घोटून सपाट केला. पेटी अशी झळकू लागली की चिमाने तिची दृष्ट काढली.

उन्हे कलती झाली. हेमलेखेने कवडी टाकली. काच उजळली, सूर वाजला, आणि वाटेच्या टोकाशी स्वार उभा राहिला. तो सुकेतू होता. चेहरा कोवळा, ओठांवर नुकती मिसरूड; गेला तेव्हा होता तसाच. काचेच्या वर तीन ठिणग्या होत्या, त्याचे तीन जीव.

तिने तळवा टेकवला, दांडा धरला. राक्षस समोरून आला. तिने दोन टिचक्या मारल्या आणि दांडा डावीकडे ओढला. सुकेतूने लगाम उजवीकडे खेचला आणि सरळ राक्षसाच्या तोंडात गेला.

एक ठिणगी विझली.

"दादा, मी आहे रे!" ती ओरडली. काचेतून आवाज आत जात नव्हता. दुसऱ्या वेळी तिने दांडा हलकेच वळवला. सुकेतू उलट्या दिशेने दौडला. पूल आला, तिने टिचक्या मारल्या, त्याने उडी घेतली नाही. घोड्यासकट तो दरीत पडला.

दुसरी ठिणगी विझली. स्वार पुन्हा वाटेच्या टोकाशी येऊन थांबला. दांड्याला हात लागेपर्यंत तो तिथेच थांबणार होता. त्याच्या कडा धुरकट दिसू लागल्या होत्या.

हेमलेखा तांबटाकडे वळली. "तो माझं ऐकत का नाही?"

"त्याला वाटतं, दांड्यावर धूमकर्णाचा हात आहे," तांबट म्हणाला. "म्हणून तो सांगाल त्याच्या उलट जातो. आतून बाहेरचं काही दिसत नाही, बाईसाहेब. लाकडातून हाताची ऊब तेवढी कळते."

"मग माझी ऊब त्याला कळत नाही?"

 तांबटाने फळीकडे पाहिले, लाखेच्या जाड, चकचकीत थराकडे पाहिले आणि पंख मिटून घेतले.

"खळगा," तो म्हणाला. "तिथे लाकूड पातळ झालं होतं. मला माझी पेटी नवी दिसायला हवी होती. तिच्यावरचे हात मी विसरलो."

"तुझी पेटी?"

"आधी खरवडा. मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

"चिमा, शिंपला आण!"

कैरी सोलायचा शिंपला घेऊन चिमा धावत आली. हेमलेखा खरवडू लागली. लाल सालपटे उडाली, बोटे सोलवटली. लाखेखालून हिंगूळ निघाला, हिंगुळाखालून जुने सागवान निघाले आणि त्यात लहानग्या मुलीच्या तळव्याचा खळगा. तिचा हात आता त्यात मावत नव्हता. तिने अंगठ्याखालचा उंचवटा तेवढा त्यात टेकवला आणि बोटांनी दोन टिचक्या मारल्या.

काचेतला सुकेतू चमकला. त्याने मान वर केली. त्याचा घोडा जागच्या जागी उडाला.

मग हेमलेखेने दांडा धरला. ती वळवी तिकडे तो वळे, ती टिचकी मारी तिथे तो उडे. राक्षस मागे पडले, पूल मागे पडला, चांदण्या घोड्याच्या आयाळीत अडकत गेल्या. शेवटचा दरवाजा उघडला, काच पाण्यासारखी हलली आणि सुकेतू पडवीत येऊन उभा राहिला. अंगरख्यावर चांदण्यांची धूळ होती.

त्याने इकडेतिकडे पाहिले. एक प्रौढ बाई समोर होती आणि परकरातली पोर कुठेच नव्हती.  हेमलेखेने त्याच्या मनगटावर दोन टिचक्या मारल्या.

"हेमू?" तो म्हणाला. "अगं, केस कुणी पांढरे केले तुझे?"

"निम्मे कोळ्याने नेले," ती डोळे पुसत म्हणाली. "उरलेत ते तुझ्या पायी."

खिडकीत तांबट नव्हता. तिथे एक म्हातारा उभा होता. त्याच्या कपाळावर लाल डाग तेवढा राहिला होता. शाप उच्चारला त्याच क्षणी तो उलटून धूमकर्णाचा तांबट झाला होता; आता तोही सुटला. धूमकर्णाने हात जोडले आणि मान खाली घातली. काचेच्या माथ्यावर नाव मागणारी रेघ लुकलुकत होती.

"महाराज, शिक्षा सांगा."

सुकेतूने दांडा हलवून पाहिला. "हा करकरतोय. उद्या सकाळी याला तेल घाल. मग रोज घालत जा. हेमू, नाव काय लिहायचं?"

"काही नको," हेमलेखा म्हणाली. "तिथे नाव असलं की कुणाला तरी राग येतो."

रेघ हळूहळू विझली.

चिमा फळीवरच्या उघड्या लाकडाकडे बोट दाखवून पुटपुटली, "रंगाविना उंबरठा ओलांडणार वाटतं ही."

"ओलांडेल," राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी ओसरीवर आली, धूमकर्णाने दांड्याला तेल घातले, आणि राजा सुकेतू एका कुंभारणीच्या मागे रांगेत उभा राहिला.