सरनोबतबाईंच्या गाडीचे दिवे

"आता आणखी काय राहिलं, चाचा?"

हणमंतानं हातातलं फडकं बाकावर आपटलं. दस्तगीरचाचा चहा फुंकत बसले होते.

पन्हाळ्याच्या वाटेवर चाचांचं गॅरेज होतं. जुन्या गाड्या जिवंत करणारे म्हणून त्यांचं नाव लांबवर गेलेलं. हणमंत त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. पुढं गॅरेज त्याच्याकडं सोपवायचं, असं चाचांनी ठरवलं होतं. डॉक्टर सरनोबतबाईंच्या वडिलांची गाडी हे त्यानं एकट्यानं अंगावर घेतलेलं पहिलंच काम.

इंजिन झालं, रंग झाला. अडलं होतं दिव्यांपाशी. आणि उद्या संध्याकाळी बाई येणार होत्या; स्वतः गाडी चालवत पन्हाळ्याला जायचं म्हणत होत्या.

पितळी दिवे आले तेव्हा चेपलेले, हिरवे पडलेले होते. हणमंतानं पोचे काढले. आतल्या, उजेड पुढं फेकणाऱ्या वाट्यांना चांदीचा मुलामा दिला. जुन्या बाजारात हिंडून जाड काचा मिळवल्या. आता येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते.

चाचा मात्र रोज सकाळी बघायचे आणि म्हणायचे, "अजून नाही."

"कुठं डाग राहिलाय?"

"नाही."

"काच तिरकी बसलीय?"

"नाही."

"मग चूक तरी दाखवा की. पुसून पुसून बोटं सोलली माझी. लोक म्हणतात, डोळे दिपतात..."

"ते खरं आहे," चाचा म्हणाले. "रोज तेच विचारतोस, हणमंता. माझंही डोकं उठलंय."

दिवस मावळला. चाचा उठले.

"गाडी मागच्या वाटेवर घे."

मागं उसाच्या कडेनं कच्ची वाट जात होती. हणमंतानं गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवून दिवे लावले आणि उतरून तो समोर जाऊन उभा राहिला. त्याला डोळ्यांवर हात धरावा लागला.

"बघा," तो म्हणाला.

"तू बघ. आत बसून."

हणमंत चरफडत आत बसला. दिवे लावून तो स्टिअरिंगमागं कधी बसलाच नव्हता.

समोरच्या चिंचेचा शेंडा लख्ख उजळला होता. पान न् पान मोजावं असं. त्याखाली... काळोख.

चाचा कडेकडेनं त्या काळोखात चालत गेले. पावलं वाजली, मग थांबली.

"चाचा?"



हणमंताचा पाय सवयीनं क्लचवर गेला. थोडं पुढं घेऊन बघावं...

"चाचा, कुठं आहात?"

"इथंच."

आवाज अगदी जवळून आला. हणमंत उडी टाकून उतरला. गाडीपुढं, जेमतेम एक बैलगाडी मावेल एवढं अंतर सोडून, चाचा वाटेच्या मधोमध मांडी घालून बसले होते.



"डोकं फिरलंय का तुमचं? मी गाडी पुढं घेतली असती तर?"

"उद्या बाई घेणार आहेत."

हणमंतानं वर उजळलेल्या शेंड्याकडं पाहिलं, खाली काळोख्या वाटेकडं पाहिलं.

मग त्यानं पाना आणला. दिव्यांचे नट ढिले केले, दोन्ही दिवे खाली झुकवले. काचा उतरवल्या, आतले बल्ब मागंपुढं सरकवून पाहिले. चांदीवर काळे अंगठे उमटले. ते पुसायचं त्याला सुचलं नाही. आत बसायचा, बघायचा, पुन्हा उतरायचा. आधी स्वतःशी पुटपुटत होता, नंतर तेही थांबलं.

शेवटी तो आत बसला तेव्हा चाचाही शेजारी येऊन बसले.

वाटेवरचा दगड न् दगड दिसत होता. चाकोऱ्या दिसत होत्या. वळणाजवळ एक मुंगूस थबकलं, त्यांच्याकडं बघून उसात शिरलं.

हणमंतानं थोडा वेळ वाट पाहिली. चाचा पुढं वाटेकडंच बघत होते. शेवटी त्याच्यानं राहवेना.

"आता तरी सांगा, चाचा. कसे झालेत दिवे?"

"कुठले दिवे?" चाचा म्हणाले.