वळणावरचं स्टेशन

"पण ती तिथंच का थांबते, अक्का?"

दिगंबर इंगळगीनं पुन्हा विचारलं.

अक्का चूल लिंपत होत्या. आजऱ्याच्या पुढं, डोंगराच्या कुशीत त्यांचा छोटासा मठ. तिथं शिष्यांचा गोतावळा नाही, प्रवचन नाही. कुणी प्रश्न घेऊन आलं तर हातातलं काम न सोडता ऐकायचं, एवढाच तिथला रिवाज.

दिगंबर पुलांचे नकाशे काढणारा इंजिनिअर. दुसऱ्याच्या नकाशातली चूक काढणं हा त्याचा धंदा, आणि खरं सांगायचं तर शौकही. असा माणूस प्रश्न विचारायला डोंगर चढून येतो, तेव्हा पाणी गळ्याशी आलेलं असतं.

"थांबतंय कोण? नीट सांग."

"आगगाडी. खेळण्यातली. म्हणजे गाडी विकतची, पण रूळ मी आणि माझ्या मुलीनं मांडले. डोंगर केला, बोगदा, पूल, शेतं… सगळं एका मोठ्या फळीवर. आम्हा दोघांचं गाव."

मुलगी बाहेर उंबऱ्यावर बसली होती. शाल्मली, आठ वर्षांची. सबंध घाटात ती बापाशी एक शब्द बोलली नव्हती.

"मग?"

"वळणावर आली की थांबते. रूळ बदलले, तारा बदलल्या, इंजिन खोलून पाहिलं. काही दोष नाही. तरी रोज तिथंच थांबते. जरा वेळानं आपली आपण सुटते."

"त्या वळणावर काय हाय?"

"काही नाही."

"काय हुतं?"

दिगंबरनं उंबऱ्याकडं एकदा पाहिलं.

"तिचं स्टेशन होतं. खडूच्या खोक्याचं. पण वळणावर स्टेशन नसतं, अक्का. गाडी तिरकी उभी राहते, गार्डला पुढचे डबे दिसत नाहीत. मी काढून टाकलं."

"आनि?"

"मातीची माणसं केली होती तिनं. एकाचं डोकं सिग्नलहून मोठं, एकीचे डोळे कपाळावर. सगळ्या मापाची वाट लागत होती. ती शाळेत गेली की मी एकेक उचलायचो आणि त्या जागी मापाची, विकतची ठेवायचो."

"पोरगी काय म्हनाली?"

"काहीच नाही. तेच तर… गाडी थांबली की वळणाकडं बघून हात करते. हसते, गप्पा मारते. मी विचारलं, कुणाशी बोलतेस? तर म्हणाली, उतरली त्यांच्याशी. तेवढंच. त्यानंतर माझ्याशी एक अक्षर नाही. गाडी गेली खड्ड्यात, अक्का. माझी पोर माझ्या डोळ्यांदेखत कुठंतरी निघून चाललीय."

अक्कांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"फळी आनलीस?"

आणली होती, जीपच्या टपावर बांधून. आपल्या कामात खोट नाही हे दाखवायची हौस त्या दुःखातही सुटली नव्हती.

अंगणात घोंगडी टाकून अक्का बसल्या. समोर फळी मांडली. टळटळीत ऊन होतं. भिण्यासारखं काही नव्हतं. दिगंबरनं बॅटरी जोडली. गाडी निघाली, पूल ओलांडला, बोगद्यात शिरली, बाहेर आली…

वळणावर थांबली.

शाल्मली उंबऱ्यावरून उठली. तिनं हात केला.

आणि अक्का बसल्या जागी बाजूला सरकल्या. घरात पाहुणे आले की सरकतो आपण, तशाच. मोकळ्या झालेल्या घोंगडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "या. बसा."

दिगंबरनं रिकाम्या घोंगडीकडं पाहिलं.

"अक्का, इथं कुणी नाहीये."

"हळू बोल. ऐकतील."

…

"मातीची मानसं टाकलीस कुठं?"

"टाकवेनात." तो खाली बघून म्हणाला. "तिच्या बोटांचे ठसे होते त्यांवर. डोंगर आतून पोकळ होता. आत ठेवली आणि वरून प्लास्टर लावलं."

"जित्ती?"

"अक्का! माती होती ती."

"फोड."

त्यानं डोंगर फोडला. प्लास्टरला कुठं तडा नव्हता, लावलं होतं तसंच होतं. त्यानं आत बोटं घातली, मग कोपरापर्यंत हात.

आत काहीच नव्हतं. माणसं नव्हती, मातीचा कणही नव्हता.

"सगळी होती, अक्का. मी स्वतः या हातांनी…"

"उतरली म्हनून सांगितलं की तिनं."

"सगळी उतरली, तर मग गाडी अजून का थांबते?"

अक्का हसल्या. तो डोंगर चढून आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या प्रश्नावर त्या खूश झाल्या होत्या.

"गाडी नुसती उतरवायला थांबती व्हय रं? घ्यायला बी थांबती."

चूल लिंपून उरलेली ओली माती त्यांनी त्याच्यापुढं सरकवली.

दिगंबरनं सवयीनं खिशातली पट्टी काढली. अक्का नुसत्या बघत राहिल्या. त्यानं पट्टी परत खिशात घातली. मग मुलीकडं वळला.

"शाल्मली… केवढा माणूस करू?"

तिनं वळणाकडं पाहिलं. गाडी वळणावर उभीच होती.

"तुझ्याएवढा, बाबा."

किती दिवसांनी तो आवाज त्याच्या वाट्याला आला होता! तो रडला, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

मग माती घेऊन बसला. कागदावर सरळ रेघ मारणारा हात, पण माती काही त्याचं ऐकेना. पाय आखूड झाले, मान कलती झाली. एक हात तर पार गुडघ्याच्या खाली गेला. तेवढा तरी नखानं खुडावा म्हणून त्यानं बोट पुढं केलं.

अक्कांनी त्याचं मनगट धरलं. म्हातारीची पकड, पण त्याला हलता येईना.

शाल्मलीनं तो माणूस उचलला आणि वळणावर ठेवला.

दिगंबरनं खात्री करून घ्यायला बॅटरीची तार ओढून काढली आणि हातात धरून बसला.

तार हातात होती आणि शिट्टी झाली. त्या इंजिनाला शिट्टी नव्हती.

गाडी सुटली. पूल, फुटका डोंगर, पुन्हा वळण. यावेळी ती थांबली नाही.

वळण मोकळं होतं. फळीवर दोन ओल्या पावलांचे डाग तेवढे होते, आणि उन्हात तेही सुकायला लागले होते.

दिगंबरनं फळी उचलून खाली पाहिलं. घोंगडी झटकली. वेड्यासारखं अंगण धुंडाळलं आणि फळीपाशी परत आला.

"अक्का, माणूस कुठं गेला? आत्ता इथं होता!"

शाल्मली एका हातानं गाडीला निरोप देत होती. दुसऱ्या हातानं तिनं बापाचं बोट धरलं होतं. घट्ट.

अक्का उठून पुन्हा चुलीकडं निघाल्या होत्या.

"हात लांब राहिला ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर डब्याच्या दाराची दांडी घावली नसती त्याला."