दाराशी कोण?

कोल्हापुरातल्या वाघजाई तालमीच्या फुटबॉल संघात यंदा सहा नवे खेळाडू आले आणि सहाही फॉरवर्ड निघाले. त्यांना जागा करायला अध्यक्ष उदयसिंगरावांनी पेठेतला गोलकीपर संभा घरी बसवला आणि गोलमध्ये एका फॉरवर्डलाच उभं करायचं ठरवलं.

तालमीचे जुने पाठीराखे हिंदुरावतात्या म्हणाले, "अध्यक्ष, गोल राखणार कोण?"

"चेंडू तिकडं आला तर राखायचा न्हवं! फुटबॉल आमच्यावर सोडा. तुम्ही नव्या पोरांच्या सत्काराचं बघा."

तात्यांनी सत्काराचं अगदी मन लावून बघितलं.

तालमीत पायताण बाहेर काढूनच जायची रीत. ती पायताणं राखायला दाराशी एक म्हातारा बसायचा. तात्यांनी त्यालाही आत नेलं आणि त्याच्या हातात हार दिला. सत्कार झोकात झाला, अध्यक्ष पाऊण तास बोलले. बाहेर येऊन बघतात तर त्यांच्या करकरीत नव्या चपला गायब!

"दाराशी कुणीच नव्हतं?" अध्यक्ष गरजले.

"सगळे पुढं लावले की, हार घालायला," तात्या शांतपणे म्हणाले. "म्हटलं, चोर आला तर राखायचं न्हवं!"

सगळी पेठ हसली. भर दुपारी तापलेल्या डांबरावर अध्यक्ष एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभे.

"तात्या, चपला कुठायत?"

"संभा गोलमध्ये दिसला की सापडतील."

सोमवारच्या सामन्यात संभा गोलमध्ये उभा होता, आणि अध्यक्ष चपला घालून बसले होते.