म्हाताऱ्या मोटारीचं सीमोल्लंघन

डोंगरांना रस्ते नुकतेच फुटत होते, त्या काळची गोष्ट. रायाजीराव इनामदारांची म्हातारी मोटार घाटात धापा टाकी, ट्रक तिला मागे टाकत, आणि तिच्या जिवाची लाही लाही होई. अखेर मालकांनी तिला ट्रकचं दांडगं इंजिन बसवलं, मागचा अ‍ॅक्सलही दणकट घातला. खंडेनवमीला इंजिन-अ‍ॅक्सल दोघांना झेंडूचे हार पडले.

चाकाआडचा जुना ब्रेक हळूच म्हणाला, "बाई, हा नवा गडी मला आवरायचा नाही. जरा कुरकुर कर, म्हणजे मालक माझ्याकडेही बघतील."

"आज हत्याराला हात लावत नसतात," मोटार फणकारली. "आणि उद्या सीमोल्लंघनाला मला घाटावर जायचंय. गप बस."

दसऱ्याला मालक नातीला शेजारी बसवून निघाले. मोटार एका दमात घाट चढली, ट्रक मागे पडले, नात टाळ्या पिटू लागली. मग उतार लागला. मालकांनी ब्रेकवरचा पाय पार तळापर्यंत दाबला, तरी मोटार धावतच राहिली.

"ब्रेकदादा, धर रे!" ती किंचाळली.

"केव्हाचं धरलंय, बाई," चाकाआडून जळक्या वासासोबत आवाज आला.

नात अजून टाळ्या पिटत होती.